ज्योत्स्नाताईंनी शेक्सपिअर सोडला

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी यशवंत ले-आउट या वसाहतीच्या महिला भजनी मंडळात सोडण्याची वही निघते. चातुर्मासात कोण काय सोडणार, ते अध्यक्ष बेबीताई त्या वहीत लिहून घेतात. चार महिने ती वस्तू तोंडात घालायची नाही, कार्तिकीनंतर उद्यापनाला ती आधी गुरुजींना दान द्यायची, आणि मगच स्वतः खायची. रिवाज जुना आहे, आणि त्यातून सुटायच्या वाटाही तेवढ्याच जुन्या आहेत.

कारण सोडायलाही अक्कल लागते. शेजारच्या पौर्णिमानं सलग तिसऱ्या वर्षी स्ट्रॉबेरी सोडली, जी पावसाळ्यात अमरावतीत औषधालाही सापडत नाही. मनकर्णाआजींनी ऊस सोडला. त्यांचा शेवटचा दात पडून नऊ वर्षं झाली. खुद्द बेबीताईंनी पडवळ सोडलं, आणि सोडताना त्यांचा गळा असा दाटून आला की दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. बेबीताईंनी जन्मात पडवळ चाखलेलं नाही, हे त्यांच्या सुनेनं जिन्यात सांगितलं.

ज्योत्स्नाताई गावंडेंना मात्र ही अक्कल नव्हती. रोज एकशेआठ फुलवाती, तुळशीला अकरा प्रदक्षिणा, गाईला घास, सोमवार, चतुर्थी, प्रदोष. बाईंचं कॅलेंडर पाहिलं तर जेवायला दिवस उरत नाही. आणि आवाज म्हणाल तर आरतीत त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत. रिक्षावाल्याला त्यांनी सांगितलेला पत्ता शेजारी बसलेली बाई मोठ्यानं पुन्हा सांगे. अशा बाईला वाटायचं की सोडायचं म्हणजे जिवापाड आवडीचंच सोडायचं, नाहीतर देवाची थट्टा होते.

"माझ्या नावावर लिहा," त्या म्हणाल्या, "शेक्सपिअर."

बेबीताईंचं पेन थांबलं. मनकर्णाआजी पुढे वाकल्या. "हे काय असते वं? फळ हाये का भाजी?"

त्याचं असं झालं होतं. ज्योत्स्नाताईंची लेक हर्षा अकोल्याला कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिनं दिवाळीत आईला भजनं भरून एक पेनड्राइव्ह दिला. तो तिचा शिकवण्याचा पेनड्राइव्ह असल्यामुळे दोनशे बारा भजनांच्या शेपटाला शेक्सपिअरच्या नाटकावरचा एक इंग्रजी सिनेमा राहून गेला. एका दुपारी वाती वळता वळता भजनं संपली आणि टीव्हीवर एक राजा आला. राज्य हातचं गेलेलं, दाढी पांढरी, फौज पळालेली. तो सिंहासन शोधत नाही की छाती बडवत नाही. सरळ मातीत बसतो, पोळ्यानंतर दमून बसलेल्या शेतकऱ्यासारखा, आणि हळू आवाजात बोलायला लागतो. अकरा मिनिटं. ज्योत्स्नाताईंच्या हातातली वात अर्धवट राहिली.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण तो नट हळू बोलत होता आणि तरी त्याचा एकेक शब्द स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत पोचत होता. आयुष्यभर 'जरा मोठ्यानं बोल' ऐकत आलेल्या बाईला हे पाहून काय झालं असेल, ते सांगायला नको. त्या दिवसापासून दुपारी तीन ते तीन अकरा हा वेळ त्यांचा. तेवढा वेळ त्या कुणाची बायको नव्हत्या, कुणाची आई नव्हत्या, आणि एकादशी असली तरी त्यांना भूक लागत नसे.

"म्हंजे सिनेमा सोडला म्हणा न," बेबीताई म्हणाल्या.

"सिनेमा नाही. तोच. त्याचं ते बोलणं."

वहीत भाजी, फळ, धान्य आणि मसाला असे चारच रकाने होते. बरीच चर्चा होऊन शेक्सपिअर मसाल्यात लिहिला गेला, हिंगाच्या खाली.

मग नियमांचा प्रश्न आला. वांगं सोडलं तर ते बाजारात दिसलं म्हणून नेम मोडत नाही, पोटात गेलं तर मोडतो. शेक्सपिअरचं काय? इथे मनकर्णाआजींनी निवाडा दिला, आणि असा की हायकोर्टानंही कान पकडावा. "वांगं जाते तोंडानं, तवा तोंड सांभाळाचं. हे जाते कानानं. दिसला तर दिसू दे. कानात नाई गेला पायजे."

"अन् गेला तर?"

"पुढच्या साली दुप्पट. आठ महिने."

ज्योत्स्नाताई घरी आल्या, टीव्हीला नमस्कार केला आणि चार महिन्यांसाठी राजाचा निरोप घेतला. पहिला घोळ दुसऱ्याच दिवशी तीन वाजता झाला.

त्यांचे यजमान किशोरराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. सहा महिने ते त्या राजाला 'तुझा दाढीवाला' म्हणत आले होते आणि त्या वेळात मुद्दाम मिक्सर लावत होते. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच टीव्ही लावला, पाय पसरले आणि आवाज वाढवला.

"अहो!" ज्योत्स्नाताई कानावर हात ठेवून अंगणात पळाल्या. "माझा नेम आहे!"

"तुह्या नेम हाये, माह्या थोडीच हाये?" किशोरराव आतून म्हणाले. "तू वांगे सोडले तवा मी भरीत खाल्लंच न? आज पयल्यांदा शांततेत पाहून राहिलो. मस्त बोलते यार बुढा!"

वीस वर्षांत जे कीर्तनानं झालं नाही ते बायकोच्या त्यागानं झालं. नवऱ्याला नाटकाची गोडी लागली. ज्योत्स्नाताई रोज तीन वाजता अंगणात उभ्या राहू लागल्या. पौर्णिमा कुंपणावरून सल्ले देई. "काकू, मराठीत आवाज टाकलेला मिळते का पाहा न. तो चालंन. तो काही अस्सल नसते."

"अगं, वांगं सोडलं तर भरीत चालतं का?"

"मी तर स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम खाऊन राहिली," पौर्णिमा म्हणाली. "त्याच्यात स्ट्रॉबेरी नसतेच."

पाचव्या दिवशी ज्योत्स्नाताईंनी पेनड्राइव्ह उपसला, लाल कापडात गुंडाळला आणि सरळ ले-आउटच्या विठ्ठल मंदिराच्या कार्यालयात नेला. देवाच्या कपाटात ठेवला म्हणजे किशोररावांचा हात पोचणार नाही, हा साधा हिशेब. पण कार्यालयात रामराव होते. रामराव तहसिलीतून निवृत्त झालेले आणि निवृत्त झालो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. त्यांनी अर्ज काढला.

"वस्तू?"

"शेक्सपिअर. म्हणजे, यात आहे तो."

"सोनं का चांदी?"

"दोन्ही नाही हो."

"देवस्थानात जमा होते ते सोनं, चांदी नाही तर भांडं. भांडं लिहितो. वजन?" त्यांनी देवीच्या मुकुटासाठी ठेवलेला तराजू काढून पेनड्राइव्ह जोखला. आठ ग्रॅम. "नाशवंत का टिकाऊ?"

ज्योत्स्नाताईंनी क्षणभर विचार केला. "चारशे वर्षं झाली म्हणतात."

"टिकाऊ," रामरावांनी लिहिलं. "परत न्यायचं असंन तर मंडळाच्या अध्यक्षाचं पत्र आणाचं, उद्यापन पूर्ण झाल्याचं."

"पण उद्यापनालाच लागेल ना तो."

"मंग अध्यक्षाचं पत्र आणाचं, उद्यापन होणार असल्याचं."

राजा कपाटात गेला. श्रावण बरा गेला. किशोरराव पंधरा दिवस रुसले, मग सगळ्या ले-आउटला सांगत सुटले की बायकोनं घरातला माणूस देवळात नेऊन कोंडला.

भाद्रपदात हर्षाचा फोन आला. "आई, आमच्या कॉलेजात चित्रपट सप्ताह आहे. शेवटच्या दिवशी तोच सिनेमा दाखवतोय. मी प्राचार्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. इंग्रजी न येता रोज ऐकणारी प्रेक्षक! दीप प्रज्वलन तुझ्या हातून. पत्रिका छापली."

"अगं, माझा नेम..."

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल. ठीक आहे, ये मग!"

नकार देण्यासाठी आवाज लागतो. तो नसल्यामुळे ज्योत्स्नाताई आजवर तीन सोसायट्यांच्या सदस्य आणि एका पतपेढीच्या जामीनदार झाल्या होत्या. आता प्रमुख पाहुण्या झाल्या. जायचं तर नेम मोडणार, न जावं तर लेकीची पत्रिका छापलेली. शेवटी उपाय माहेरानं दिला. तेल्हाऱ्याहून भाऊ दरवर्षी वातींसाठी घरचा कापूस पाठवतो. त्यातला निवडक त्यांनी पिशवीत घेतला आणि अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी चाचणी म्हणून दोन्ही कानांत बोळे घातले. कंडक्टरचं तोंड हलताना दिसलं, आवाज आला नाही. वऱ्हाडच्या काळ्या मातीनं आजवर बरंच काही पिकवलं, पण शेक्सपिअरला थोपवणारा कापूस तिनं पहिल्यांदाच दिला.

दीप प्रज्वलन झालं. ज्योत्स्नाताई पहिल्या रांगेत बसल्या, पदराआड बोळे घट्ट केले. पडद्यावर राजा आला, मातीत बसला आणि ओठ हलवू लागला. दोन महिन्यांनी त्यांनी त्याला पाहिलं. नुसतं पाहिलं. पंचपक्वान्नांच्या ताटाभोवती रांगोळी घालून उपाशी उठावं, तसं झालं त्यांना. पण नेम मोडला नाही.

मोडलं दुसरंच. सिनेमा संपला, दिवे लागले, निवेदक मुलीनं काहीतरी म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्योत्स्नाताईंनीही वाजवल्या. मुलीनं पुन्हा म्हटलं, सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांना वाटलं दिवा विझला असेल. त्या उठल्या आणि जळत्या समईत तेल घालून आल्या. पुन्हा टाळ्या. मग प्राचार्यांनी स्वतः येऊन हाताला धरून त्यांना माइकपुढे उभं केलं.

ज्याच्या कानात कापूस असतो त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो ओरडतो. हे शास्त्र ज्योत्स्नाताईंना ठाऊक नव्हतं. एकसष्ट वर्षांचा शिल्लक आवाज त्यांच्या गळ्यातून एकदम बाहेर पडला.

"मले इंग्रजी येत नाई!" सभागृहाच्या खिडक्या थरथरल्या. मागच्या रांगेतल्या एकाच्या हातून मोबाइल पडला. एरवी त्या शुद्ध बोलतात. पण मोठ्यानं बोलायची सवय तेल्हाऱ्याच्या शेतातली, ती तिथल्याच बोलीत आली. "बीएले छत्तीस मार्क होते! पण ह्या माणूस पाहा! राजा हाये, मातीत बसते! आवाज चढवत नाई! अन् शेवटचा शब्द खाली पडू देत नाई! आमच्या इकडे गुरुजी कथा सांगतात, शेवटचा शब्द खाऊन टाकतात, जसा काही नैवेद्य हाये! अठ्ठावीस मिनिटांत सत्यनारायण! कथेतली नाव बुडते कधी अन् वर येते कधी, पत्ता लागत नाई! देवालेही लागत नसंन!"

सभागृह उभं राहिलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ज्योत्स्नाताई हळूच नमस्कार करून खाली बसल्या; त्यांना वाटत होतं की नेहमीसारखं कुणाला ऐकू गेलं नसावं.

त्यांची एसटी अमरावतीला पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता.

बेबीताईंनी मंडळाची तातडीची सभा बोलावली. "सिनेमा पाहाले गेल्या होत्या तुमी. नेम मोडला. वहीत फुली मारतो मी."

"थांब वं," मनकर्णाआजींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, पुन्हा जवळ नेला. "ह्या पाहा, उजव्या कानात. ह्या पाहा, डाव्या कानात. एवढा कापूस तर गादीत नसते. नेम शाबूत हाये. अन् तुले फुली माराची असंन तर पयले पडवळ कसं लागते ते सांग."

बेबीताईंनी वही मिटली.

नेम वाचला, पण दुसरंच अरिष्ट आलं. व्हिडिओ सावळापूरकर गुरुजींनीही पाहिला. गुरुजी चाळीस वर्षं पूजा सांगतात. एका सकाळी पाच सत्यनारायण करण्याचा त्यांचा लौकिक आहे, आणि त्यासाठी लोक त्यांना मुद्दाम बोलावतात. त्यांनी निरोप धाडला: कार्तिकीच्या उद्यापनाला मी येईन. पडवळ घेईन, ऊस घेईन. शेक्सपिअर घेणार नाही.

आता दान कुणी घेतलंच नाही, तर नेम सुटायचा कसा? ज्योत्स्नाताईंनी आजींना विचारलं. आजींनी सुस्कारा सोडला. "माह्या चुलतसासूनं कोहळं सोडलं होतं. उद्यापनाच्या आदल्या दिवशी गुरुजी वारले. दुसरा मिळाला नाई. बिचारी तीस वर्षं जगली, पण बिनकोहळ्याची गेली."

त्या दुपारी तीन वाजता ज्योत्स्नाताई रिकाम्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. तीस वर्षं. आणि राजा देवळाच्या कपाटात, भांडं म्हणून. त्यांनी चपला घातल्या आणि गुरुजींचं घर गाठलं.

"गुरुजी, चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणता? ऐकू येत नाही."

"क्षमा मागते म्हटलं."

"अकोल्यात तर बरं ऐकू येत होतं," गुरुजी म्हणाले. "कापूस आणू का?"

ज्योत्स्नाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बाई खोटं बोलणारी नव्हती. "मोठ्यानं बोलले ते चुकलं, गुरुजी. जे बोलले ते... ते कसं परत घेऊ? तुमचा आवाज किती चांगला आहे. तुम्ही पळवता त्याला."

गुरुजींनी सुपारी कातरायला घेतली. चाळीस वर्षांत दक्षिणेबद्दल, उशिराबद्दल, शिऱ्यातल्या काजूंबद्दल लोक त्यांच्याशी बोलले होते. आवाजाबद्दल कुणी बोललं नव्हतं. शेवटी म्हणाले, "शास्त्र असं आहे की दान घेणाऱ्यानं वस्तू पारखून घ्यावी. पारखून ठरवतो. किडकं निघालं तर घेणार नाही."

उद्यापनाच्या दिवशी बेबीताईंचं पत्र घेऊन ज्योत्स्नाताई रामरावांकडे गेल्या. रामरावांनी पेनड्राइव्ह पुन्हा जोखला. "आठ ग्रॅम. घट नाही. सही करा."

मंडळाच्या सभागृहात दानं सुरू झाली. गुरुजींनी आजींचा ऊस घेतला. बेबीताईंचं पडवळ घेतलं. ते बेबीताईंनी नागपूरहून मागवलं होतं आणि दोन बोटांत असं धरलं होतं की जसं काही ते चावेल. स्ट्रॉबेरी मिळाली नाही म्हणून पौर्णिमानं स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम दिलं, ते गुरुजींनी तिथेच खाऊन टाकलं आणि म्हणाले, "यात स्ट्रॉबेरी नाही." मग पेनड्राइव्ह टीव्हीला लागला.

राजा आला. मातीत बसला. ज्योत्स्नाताईंनी पुन्हा कान बंद केले; वस्तू अजून दान झाली नव्हती. त्या राजाकडे पाहत नव्हत्याच. त्या गुरुजींकडे पाहत होत्या.

पहिली दोन मिनिटं गुरुजी छताकडे पाहत होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी पान थुंकलं. पाचव्याला त्यांची बोटं मांडीवर हलू लागली, मात्रा मोजावी तशी. आठव्याला ते पाटावरून घसरून पुढे आले. अकरावं संपलं तेव्हा सभागृहात फक्त पंख्याचा आवाज होता, आणि किशोरराव मागे उभे राहून नाक शिंकरत होते.

गुरुजींचे ओठ हलले. ज्योत्स्नाताईंनी घाईनं एक बोळा काढला.

"श्वास कुठे घेतो हो हा माणूस?" गुरुजी हळू आवाजात विचारत होते. "मी पाहत होतो. सापडला नाही." मग त्यांनी पळीभर पाणी हातावर घेतलं, दान स्वीकारलं, आणि राजाला पडवळाशेजारी झोळीत ठेवून निघून गेले.

नेम सुटला. हर्षानं दुसऱ्या दिवशी नवा पेनड्राइव्ह पाठवला. एक वांगं दान दिलं तर दुसरं खाता येतं, यावर आजींचंही एकमत होतं. दुपारी तीन वाजता ज्योत्स्नाताईंनी वाती घेतल्या, किशोररावांना मिक्सरपासून दूर बाजारात पाठवलं, आणि चार महिन्यांनी बटण दाबलं. राजा मातीत बसला, त्यानं तोंड उघडलं, आणि दाराची बेल वाजली.

दारात गुरुजी. हातात पेनड्राइव्ह. "आमच्या टीव्हीला हे घालायला भोक नाही," ते म्हणाले आणि आत येऊन बसले.

तेव्हापासून ते रोज येतात. तीन वाजता येतात आणि साडेपाचला जातात. "थांबवा, थांबवा, इथे पाहा, इथे त्यानं श्वास पोटातून घेतला!" असं म्हणत ते अकरा मिनिटांत चौदा वेळा राजाला थांबवतात. किशोररावही बाजारात जायचे बंद झालेत. ते म्हणतात छातीतून घेतला, मग वाद होतो, मग दोघांना चहा लागतो. गुरुजींचा सत्यनारायण आता सव्वातीन तास चालतो, शेवटचा शब्द एकदाही पडत नाही, आणि प्रसादासाठी ताटकळलेला सगळा ले-आउट ज्योत्स्नाताईंच्या नावानं बोटं मोडतो.

ज्योत्स्नाताई स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता भिंतीपलीकडून जमेल तेवढा राजा ऐकतात. पुढच्या आषाढीला काय सोडायचं, ते त्यांनी ठरवून टाकलं आहे. वहीत त्या सरळ 'गुरुजी' असं लिहायला सांगणार आहेत.

अडचण एकच आहे. उद्यापनाला गुरुजी कुणाला दान द्यायचे, हे आजींनाही अजून सुचलेलं नाही.